अनुभव धागा: सात मित्र, दोन नावा, एक रात्र. तलाव कोणता?

धागाकर्ता (मूळ साकोली, सध्या नागपूर)

नमस्कार मंडळी. आमच्या दहावीच्या बॅचमधला एक जण बारा वर्षं कॅनडात राहून परत आला आणि येताना एक खूळ घेऊन आला: कनू. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एकपाती वल्ह्याने चालवायची नाव. तिच्यात तंबू, पातेली, पीठ-मीठ टाकायचं, वल्हवत पलीकडच्या काठावर जायचं, रात्र काढायची, सकाळी परत. पठ्ठ्याने हवा भरायच्या दोन मागवूनही टाकल्या. मी म्हटलं, अरे, याला आपल्याकडे डोंगा म्हणतात. तर म्हणे, डोंग्यात तंबू घालून कोण जातं?

तर आम्ही सात जण. दोघांना पोहता येत नाही, एकाचा गुडघा गेलेला, आणि एक 'मला काही होत नाही' जातीचा (खरी काळजी याचीच). दिवाळीनंतर जायचंय. सोपा तलाव हवा. पण नकाशा उघडला की भंडारा-गोंदियाकडे निळे ठिपकेच ठिपके, आणि सगळे सारखेच दिसतात. तुम्ही कुठे गेलात, काय फसलं, काय जमलं ते लिहा. 'टॉप दहा ठिकाणं' कृपया नको.

मोर्शीकर

राजेहो, पहिले आमची फजिती ऐका. अप्पर वर्धा धरण, मार्च महिना. वळखीच्या मासेवाल्याची नाव, आमी चौघं. सकाळी सातले पाणी कसं, तं आरशासारखं. वारा पाठीवर होता, नाव आपोआपच चालली. आमाले वाटलं, आपल्याले जमते बा. पलीकडे गेलो, भाकर खाल्ली, झाडाखाली आडवे झालो.

तीन वाजता निंघालो तं तोच वारा तोंडावर. धरण एवढं मोठं, की वाऱ्याले अडवायले मधात काहीच नाही. जेवढं मोकळं पाणी, तेवढी लाट वाढत येते. दीड किलोमीटरले दोन तास लागले. काठ दिसे, पण जवळ येच ना. एक जण वल्हे मारून रायला, एक डब्यानं पाणी उपसून रायला, बाकी दोघं देवाचं नाव घेऊन रायले. तळहाताले असे फोड आले, की आठ दिवस चहाचा कप धरता नाही आला.

तवापासून नियम: जाताना वारा तोंडावर घ्यायचा, येताना पाठीवर. अन् अकराच्या आत पाण्यातून बाहेर. मोठं धरण फोटोपुरतं.

कॅनडातून आलेला मित्र

धाग्यात माझीच बदनामी चाललीय तर मीही लिहितो. ओंटारियोत अल्गोंक्विन नावाचं मोठं उद्यान आहे, १८९३ सालचं. तळ्याला तळं लागून. दोन तळ्यांच्या मधली पायवाट म्हणजे पोर्टेज, तिथे नाव डोक्यावर घेऊन चालायचं. नवखी टोळी तळं निवडताना आधी हेच बघते, की पोर्टेज किती मीटर? शून्य असेल तर उत्तम. तिथलं सगळ्यात मोठं तळं ओपिओंगो. वाऱ्याच्या बाबतीत त्याची कीर्ती मोर्शीकरांच्या धरणासारखीच. अनुभवी लोकही तिथे काठ धरून जातात. मी पहिल्या वर्षी लहान तळ्याला नाक मुरडून तिथेच गेलो होतो. पुढचं मोर्शीकरांनी लिहिलंच आहे, फक्त पाणी बर्फासारखं होतं एवढं जोडा.

आणखी एक. तिथे मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असतात, आधी परवाना काढायचा, एका जागी नऊच माणसं. आत काचेच्या बाटल्या आणि टिनाचे डबे न्यायला बंदी. इथे मी विचारलं, परवाना कुठे मिळतो, तर सगळे हसले.

झाडीपट्टीचा

हसले ते चुकले जी. परवाना कागदावर नसंल, पण प्रत्येक पाण्याले धनी आहे.

आमच्याकडचे बहुतेक तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे जलसंपदाकडे. पण मासोळीचा ठेका असतो ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, संस्थेकडे. कागदावरचा मालक एक आणि रोज पहाटे पाण्यात उतरणारा दुसरा. तुम्ही विचारायचं ते या दुसऱ्याला.

आम्ही नाही विचारलं. त्याची गोष्ट अशी.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, ऑक्टोबर महिना. आम्ही सहा जण, हवेच्याच दोन नावा. पाण्याच्या एका अंगाला हिरवीगार पानांची चटई दिसली. मला वाटलं कमळाचं रान असंल, यातून फोटो भारी येतील. शिंगाडा होता. लावलेला. खालून देठांनी वल्हं धरून ठेवलं. मागे घेतलं तर चार वेल उपटून वर आले. आणि शिंगाड्याला दोन काटे असतात, सुकला की दाभणच. नाव त्यावरून घासली आणि खालून 'स्स्स्' असा आवाज सुरू झाला. पाणी कमरेएवढं, म्हणून बुडायचा प्रश्न नव्हता. पण तळाला गुडघाभर गाळ, आणि अंगाला वेल गुंडाळलेले. तसेच आम्ही काठाला लागलो.

काठावर एक आजी कमरेवर हात ठेवून उभी. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "झालं का पोटभर?" मंग बसून हिशेब केला, किती वेल गेले, किती शिंगाडा गेला. आम्ही पैसे दिले. तिने मोजून घेतले आणि उकडलेल्या शिंगाड्याचा एक द्रोण हातात ठेवला. त्यानंतर तीन वेळा तिथेच गेलो. आता तिचा नातू आधी हातानं दाखवतो: इकडे शिंगाडा, तिकडे जाळं, या खुंटाच्या पलीकडे जाऊ नका.

तलाव वाचायला शिका जी. पाळ म्हणजे बांध. पाळीखालून पाणी सोडायची जागा ती तुडूम, जास्तीचं पाणी वाहून जायची वाट ती सलंग. सलंग चालू असंल तर त्या बाजूला नाव न्यायची नाही. तुडूम उघडं असंल तरी लांबच राहायचं, वरून पाणी शांत दिसतं पण खालून ओढतं.

नवेगाव बांधचं विचाराल, तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तलाव. भोवती सात बहिणींचे डोंगर. पाहून घ्या, डोळे निवतात. पण तो परिसर आता व्याघ्र प्रकल्पाचा, तिथे आपला तंबू घेऊन जायचं काम नाही. त्यातून २०२१ पासून छत्तीसगडकडचे रानटी हत्ती गडचिरोलीत उतरले आणि आमच्या तालुक्यापर्यंत येऊन गेले. जंगलाला लागून असलेला कुठलाही काठ असंल, तर आदल्या दिवशी गावात विचारल्याशिवाय मुक्काम नाही.

लोणारची वारी

लोणार चालेल का? गोल आहे, वारा कमी लागेल, बुलडाण्याहून जवळ.

मोर्शीकर

@लोणारची वारी, काहून बाप्पा? ते खाऱ्या पाण्याचं विवर, अभयारण्य आहे, २०२० मध्ये रामसरच्या, म्हंजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं. तिथं नाव टाकसान तं दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येईन.

ताडोबाच्या शिवेवर

आमच्या जिल्ह्यात तलाव सुंदर आहेत. घोडाझरी आहे, आसोलामेंढा आहे. दिवसा या, पाळीवर बसा, डबा खा, दिवस मावळायच्या आत घरी जा. आमच्याकडची माणसं संध्याकाळी शेतातून एकटी येत नाहीत आणि तुम्ही कापडाच्या तंबूत झोपणार? ताडोबाच्या तळ्यात तर मगरी आहेत. एवढंच लिहायचं होतं.

भरीतवाली

इथे सगळे पाण्याबद्दल बोलताहेत. मी काठाबद्दल लिहिते, कारण आमची ट्रिप काठानेच खाल्ली.

आम्ही पाच मैत्रिणी, वर्धा जिल्ह्यातला एक मध्यम प्रकल्प, फेब्रुवारी. बांधाकडून उतरावं तर दगडाचं पिचिंग, तिरकं आणि शेवाळलेलं. सामान घेऊन तिथून नावेत बसणं म्हणजे कसरतच. म्हणून समोरचा सपाट काठ धरला. रब्बीची पाणीपाळी सुटलेली, पाणी बरंच मागे सरकलेलं, आणि जमिनीला छान भेगा पडलेल्या. म्हणजे कोरडी, असं आम्ही ठरवलं. सगळ्यात पुढे मी उतरले. पहिलं पाऊल ठीक. दुसऱ्या पावलाला वरची पपडी फुटली आणि मी मांडीपर्यंत आत. पाय ओढला तर पाय आला, चप्पल नाही आली. ती अजून तिथेच आहे. मैत्रिणींनी वल्ह्याची आडवी फळी करून मला पोटावर सरपटत नावेत घेतलं, आणि मग पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. नंतर जे हसलो!

आता जायच्या आधी मी एकदा पायी जाऊन काठ बघून येते. सोबत काठी, जमिनीत खुपसून बघायला. तीन गोष्टी बघते: नाव लावायला मुरमाड जागा आहे का, तंबूची जागा पाण्यापासून वर आहे का, आणि तिथून गावापर्यंत पायवाट आहे का. ही तिसरी सगळ्यात महत्त्वाची. वारा सुटला, कोणाचं पोट बिघडलं, तर नाव तिथेच ठेवून चालत घरी जाता आलं पाहिजे.

बायकांच्या गटासाठी एक जास्तीचं: सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना दिवसाच भेटून घ्या. आम्ही नव्हतो भेटलो, तर रात्री दहाला गावातली पंधरा पोरं बॅटऱ्या घेऊन 'कोण आहे' बघायला आली. चांगली होती बिचारी, पण आमची झोप गेली ती गेलीच. दुसऱ्या ट्रिपला भेटलो, तर पाटलीणबाईंनी वांगी भाजायला गोवऱ्या पाठवल्या.

निवृत्त अभियंता, पवनी

मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, म्हणून थोडं.

गोसीखुर्दच्या बॅकवॉटरला नवख्यांनी जाऊ नये. जुन्या शिवारातली, जंगलातली झाडं पाण्यात उभी आहेत. काहींचे शेंडे दिसतात, काहींचे वितभर पाण्याखाली असतात. हवेच्या नावेला तो भाला आहे. शिवाय ३३ दारांचं धरण, पाण्याची पातळी सोडण्यावर ठरते. संध्याकाळी तंबूपासून वीस पावलं लांब असलेलं पाणी सकाळी तिथेच असेल असं गृहीत धरू नका. हे प्रत्येक धरणाला लागू. चौकीदाराला विचारा, पाणी सुटणार आहे का?

आणि माणसं मोजा. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात नाव उलटली, त्यात तरुण पोरं गेली. नाव लहान, माणसं जास्त. धागाकर्ते, तुमचे सात जण आणि दोन नावा हे गणित मला पहिल्या ओळीपासून खटकतंय. सामान कुठे ठेवणार?

धागाकर्ता

काका, बरोबर पकडलंत. मीही ते मुद्दामच शीर्षकात टाकून गप्प बसलो होतो. तंबूचंही तेच. एकात सात जण कसे मावणार, हे कोणी विचारलंच नाही. दुसरा उसना मिळालाय.

हिवाळी प्राणी

नोव्हेंबरात जाताय म्हणून लिहितो. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूर ३.५ अंशांवर उतरलं, तेव्हा आम्ही रामटेकच्या बाजूला एका तलावाकाठी होतो. थंडी वरून येत नाही हो, जमिनीतून येते. खाली धानाची तणस अंथरा, वर सतरंजी. बाकी काही न्या, नका नेऊ. तणस कोणीही देतो, फक्त शेकोटी तिच्यापासून लांब पेटवा. आम्ही नव्हती पेटवली लांब.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. तलावाचं नाव लिहीत नाही, गावातल्यांनीच तशी विनंती केली. साकोलीपासून फार लांब नाही एवढं पुरे. नकाशावर बघितला असता तर 'हा काय, डबकं आहे' म्हणून पुढे गेलो असतो. या काठावरून त्या काठावर हाक ऐकू जाते. जंगल लागून नाही, तीन बाजूंना धानाची शेतं, चौथ्या बाजूला पाळ.

आदल्या रविवारी मी आणि गुडघेवाला दोघे जाऊन काठी खुपसून आलो (भरीतवाली, धन्यवाद). ढिवर संस्थेच्या एका काकांनी जाळी कुठे आहेत ते दाखवलं. पैसे किती म्हटलं तर म्हणाले, "मासोळी विकत घेसाल तं झालं." घेतली.

माणसांचं गणित असं सोडवलं: गुडघेवाला आणि आणखी एक पाळीवरून चालत गेले. दोन नावांत पाच जण, पोहता न येणारे दोघे मध्ये, सगळ्यांना लाईफ जॅकेट. पातेली, तणस, गोवऱ्या काकांच्या डोंग्यातून. कॅनडावाल्याने मागे बसून वल्हं कसं वळवायचं हे अर्धा तास शिकवलं, तरी माझी नाव गोलच फिरत होती. सहाशे मीटरला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात पाळीवरून आलेल्या दोघांचा चहा पिऊन झाला होता.

'मला काही होत नाही'वाला फोटो काढायला नावेत उभा राहिला आणि गेला पाण्यात. पाणी छातीपर्यंत. वर आला, मोबाईल नाही आला. त्यानंतर रात्रभर तो अगदी शहाण्यासारखा वागला, रोडगे पण त्यानेच भाजले.

पहाटे पाचला जाग आली ती वल्ह्याच्या आवाजाने. धुकं एवढं, की पाणी कुठे संपतं ते कळेना. काका जाळी उचलायला निघाले होते. डोंग्यात उभे, हातात एकच वल्हं, तेही नुसतं टेकवल्यासारखं, आणि डोंगा सरळ रेषेत. आमच्या काठाशी आले, दवाने भिजलेल्या दोन्ही कनूंकडे नीट बघितलं, एकीला बोटाने दाबून पाहिलं. मग विचारलं, "रातभर हवा राह्यते यात?"

कॅनडावाला म्हणाला, राहते. काकांनी मान हलवली. "आणि गेली तं?"

तो काही बोलला नाही. परत येताना तो डोंग्यात बसून आला.