मदत हवी आहे: ३डी७ जोरात वाढतंय, पण गॅमेटोसाइट येतच नाहीत

महापे_लॅब
नमस्कार. मलेरियाचा परजीवी फाल्सिपारम, ३डी७ लाइन. मीडियम आरपीएमआय १६४०, अल्ब्युमॅक्स (सीरमऐवजी वापरतात ते) ०.५%, हायपोझॅन्थिन लिटरला ५० मिग्रॅ. गॅस ५% ऑक्सिजन, ५% कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. वाढ उत्तम आहे. गॅमेटोसाइटसाठी (डासात जाणारी, चंद्रकोरीसारखी लैंगिक अवस्था) ०.५% पॅरासायटेमियाने, म्हणजे इतक्या लाल पेशी बाधित असताना, सुरुवात करून ताजं रक्त न घालता रोज फक्त मीडियम बदलतो. जिमसा स्लाइडवर रिंग, ट्रोफोझोइट, शायझॉन्ट (अलैंगिक वाढीच्या कोवळ्या ते पक्व अवस्था) दिसतात, मग कल्चर कोसळतं. चंद्रकोर एकही नाही. स्टॉक पावसाळ्याआधीपासून सलग चालू आहे, मूळ वायलवर पॅसेज नंबर (कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवलंय तो) नाही. अल्ब्युमॅक्स सोडून मानवी सीरम वापरू का?

घोडबंदर
सीरमने फरक पडतो, पण आधी संशय स्टॉकवर घ्या. गॅमेटोसाइट झालेला परजीवी पुढे विभागत नाही. डास चावला तरच त्याचा वंश चालतो, आणि फ्लास्कमध्ये डास नाही. त्यामुळे गॅमेटोसाइट बनवण्याची क्षमता गमावलेला म्युटंट दर ४८ तासांनी इतरांपेक्षा थोडा पुढे जातो आणि शेवटी फ्लास्कभर तोच उरतो. तुमची 'उत्तम वाढ' हेच मला त्याचं लक्षण वाटतं.

३डी७ हा एनएफ५४ मधून काढलेला क्लोन. त्याच ३डी७ पासून आलेल्या एफ१२ लाइनमध्ये एपी२-जी या गॅमेटोसाइट बनवणं सुरू करणाऱ्या जीनमध्येच मध्ये स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) आलाय, म्हणून ती गॅमेटोसाइट बनवत नाही. दुसरी नेहमीची जागा म्हणजे ९ व्या क्रोमोसोमचं टोक. ते तुटलं की जीडीव्ही१ हे गॅमेटोसाइटसाठी लागणारं दुसरं जीन जातं. दोन्ही जीन पीसीआर करून सिक्वेन्स करा. नुसता बँड आला म्हणून खूश होऊ नका, स्टॉप कोडॉन बँडमध्ये दिसत नाही.

सूक्ष्मदर्शी
सोबत नॉब्स तपासा, म्हणजे बाधित लाल पेशीवरचे चिकटायला मदत करणारे उंचवटे. शरीरात पक्व परजीवी रक्तवाहिनीला चिकटून प्लीहा टाळतो. फ्लास्कमध्ये प्लीहाच नाही, म्हणून २ ऱ्या क्रोमोसोमचं टोक नॉब बनवणाऱ्या केएएचआरपी जीनसकट गळून जातं. स्वस्त चाचणी आहे: आरपीएमआयमधलं सुमारे १% जिलेटिन, ३७ अंश, अर्धा तास नळी न हलवता. नॉब असलेले ट्रोफोझोइट वरच्या थरात राहतात. रिंग, निरोगी पेशी आणि नॉब नसलेले खाली बसतात. ट्रोफोझोइट भरपूर असूनही वरचा थर रिकामा दिसला तर स्टॉक खूप बदललाय असं समजा.

हे फक्त मलेरियाचं नाही. लिश्मॅनिया या काळा आजाराच्या परजीवीचे प्रोमॅस्टिगोट (कल्चरमध्ये वाढणारी अवस्था) पॅसेज करत गेलं की संसर्गशक्ती उतरते. टॉक्सोप्लाझ्माचा आरएच स्ट्रेन उंदरांत फिरवून फिरवून मांजरात ऊसिस्ट (विष्ठेतून बाहेर पडणारी अवस्था) बनवायचं विसरला.

महापे_लॅब
धन्यवाद. औषधाचा किंवा उपासमारीचा ताण देऊन गॅमेटोसाइट परत आणता येतील का?

घोडबंदर
जीन शाबूत असेल आणि नुसतं शांत असेल तर प्रमाण वाढू शकतं. मीडियममधलं लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन (एक लिपिड) कमी झालं की परजीवी गॅमेटोसाइटच्या वाटेला वळतो. जीनच तुटलं असेल तर कितीही ताण द्या, काही येणार नाही. सरळ कमी पॅसेजचा एनएफ५४ मागवा.

वायल आली की पहिलं काम बँक, म्हणजे कमी पॅसेजच्या वायल गोठवून ठेवणं. ५% सॉर्बिटॉल, ३७ अंश, १० मिनिटं. यात पक्व अवस्था मरतात, रिंग राहतात. गोठवायच्या त्या रिंगच, ५% पॅरासायटेमियाच्या वर. वितळवताना १२% मीठपाणी पेशींच्या आकारमानाच्या पाचव्या हिश्शाइतकं, थेंब-थेंब. ५ मिनिटं थांबा, मग १.६% मीठपाणी दहापट, तेही थेंबानेच. घाई केली की गोठवताना आत शिरलेल्या ग्लिसरॉलमुळे पेशी फुटतात आणि लालभडक पाणी दिसतं.

कामाचा फ्लास्क ठरलेल्या पॅसेजला टाकून द्या, मग तो कितीही छान वाढत असो. पॅसेज नंबर वायलवर आणि वहीत, दोन्हीकडे.

सूक्ष्मदर्शी
गॅमेटोसाइट दिसू लागले की अलैंगिक पेशी काढायला एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन ५० मिलिमोलर. मीडियम आधी ३७ अंशाला आणा आणि बदलताना फ्लास्क गरम प्लेटवरच ठेवा. एसी खोलीत थंड टेबलावर ठेवलात तर पक्व नर तिथेच फ्लॅजेला सोडून वाया जातात. गॅमेटोसाइटची पाचवी, म्हणजे पक्व अवस्था यायला साधारण दोन आठवडे लागतात. पहिली अवस्था ट्रोफोझोइटसारखीच दिसते, म्हणून पहिल्या दिवसांत स्लाइड रिकामी वाटली तरी फ्लास्क फेकू नका.