मॅक्रॉस (1982): भाग 14 आणि 17 रिकॅप आहेत, गाळावेत का?

निळा_वारा
आमच्या गटात मूळ 36 भागांची मॅक्रॉस ही जपानी अ‍ॅनिमे मालिका दाखवतोय. भाग 13 झाला. 14 (ग्लोबल रिपोर्ट) आणि 17 (फँटॅझम) मध्ये बरंचसं जुनंच फुटेज आहे, म्हणून काही जण म्हणतात सरळ 15 लावा. गाळून भावनिकदृष्ट्या काही हरवतं का? शिवाय 18 च्या आधी पाच मिनिटांचा आपलाच रिकॅप कापून लावायचा विचार आहे. तो कसा करावा?

सेल_आणि_शाई
14 गाळलात तर चालेल, 17 अजिबात गाळू नका.

14 मध्ये मॅक्रॉस हे अंतराळजहाज पृथ्वीवर परतल्यावर कॅप्टन ग्लोबल वरिष्ठांना अहवाल देतो. भाषा लष्करी, घटना ओळीने. त्यातही गंमत आहे, कारण ज्या प्रसंगांत आपण माणसं पाहिली ते आता नुसत्या नोंदी होऊन येतात. पण गोष्ट पुढे सरकत नाही.

17 ची जात वेगळी. नायक हिकारू, तरुण लढाऊ वैमानिक, जखमी होऊन बेशुद्ध पडलाय आणि दृश्यं त्याच्या डोक्यातून येतात. क्रम मोडलेला, तापात आठवावं तसं एकात एक मिसळलेलं. भाग 4 मध्ये मिनमे (त्याला आवडणारी मुलगी, पुढे गायिका) आणि तो जहाजाच्या पोटात अडकले होते, तेव्हा तिला दुसरं कोणीच नव्हतं. भाग 9 मध्ये ती मिस मॅक्रॉस झाली, 16 येईपर्यंत तिला आवडणारा, नात्यातला काइफुनही तिच्या आसपास आला. एवढं पाहून झाल्यावर स्वप्नात तिला वाचवायला धडपडणारा हिकारू बघा. जागेपणी ज्याची तिला गरज उरलेली नाही, ती जागा तो झोपेत परत मिळवतोय. चित्र जुनंच, अर्थ पार बदललेला.

आणि 17 नंतर लगेच 18, पायनॅपल सॅलड. हिकारू इस्पितळात, त्याचा वडीलधारा मित्र आणि तुकडीप्रमुख फोकर प्रेयसी क्लॉडियाच्या घरी गिटार घेऊन बसलेला. (पहिल्यांदा बघणाऱ्यांनी पुढची ओळ वाचू नये.) फोकर तिथेच मरतो. 17 मध्ये आपण हिकारूच्या मनात इतके आत शिरलेलो असतो की ही बातमी त्याच्यापर्यंत पोचणार, याचीच जास्त धास्ती वाटते.

विंग_शून्य
जागा चुकली की रिकॅप मारक ठरतो, हेही लक्षात घ्या. गुंडम विंग या दुसऱ्या अ‍ॅनिमेमध्ये 49 भागांत 27 आणि 28 हे दोन्ही रिकॅप, तेही लागोपाठ. युद्धाची लय तुटते, दुसऱ्यात तर जीव नकोसा होतो. उलट गुंडम सीड डेस्टिनीचा 29 वा भाग ड्युरँडाल या राजकीय नेत्याच्या बाजूने मागचं सगळं मांडतो. तिथे नजर बदलल्यामुळे जुन्या लढाया पटावरच्या चाली वाटू लागतात.

सेल_आणि_शाई
अगदी बरोबर. म्हणून @निळा_वारा, तुमच्या पाच मिनिटांसाठी पहिला नियम हाच: एकाच माणसाची नजर घ्या. हिकारू घेतलात तर त्याने पाहिलेलं किंवा त्याला ठाऊक असलेलंच ठेवा. झेंट्राडींच्या (शत्रू परग्रहवासीयांच्या) जहाजावरचे त्यांचे आपसातले प्रसंग काढून टाका.

लढाया मिळून 40-50 सेकंदांपेक्षा जास्त नकोत. चेहऱ्यावरचे शॉट मात्र तीन-चार सेकंद टिकू द्या. घाईत एकेका सेकंदाचे तुकडे जोडले की ट्रेलर होतो आणि आठवण मरते. मूळ संवाद बहुतेक काढा, दोन-तीनच वाक्यं राहू द्या. वरून निवेदन घालून “त्याला एकटं वाटत होतं” असलं काही सांगू नका.

सगळ्यात मोठी चूक होते ती फोकरच्या बाबतीत. त्याचे शॉट ओळीने लावले, वर हळवं संगीत टाकलं, की नवखा प्रेक्षकही ओळखतो की हा आता जाणार. त्याला दोनदाच दाखवा, थट्टा करताना किंवा हिकारूला दटावताना, आणि शेवटच्या मिनिटात तर नकोच.

निळा_वारा
मग 17 पूर्ण दाखवला तर हा रिकॅप लागेल का? आणि शेवटी मिनमेचं गाणं घालू का?

सेल_आणि_शाई
17 आणि 18 एकाच बैठकीत असतील तर रिकॅप नकोच, 17 तेच काम करतो. मध्ये आठवडा जाणार असेल तर लावा, पण गाणं नको. 18 सुरू झाला की शीर्षकगीत येतंच, त्याआधी दहा सेकंद शांतता राहू द्या.