गोधड्या अर्धवट पडल्या, थंडीच्या आत काठ कसे मारायचे?

कपाशीवाली (ता. आर्णी, यवतमाळ)

नमस्कार सगळ्यांना, प्रश्न थोडा लांबलचक आहे पण पूर्ण वाचजा. आमच्या गटातल्या बायांनी उन्हाळ्यात, शेतात काही काम नव्हतं तेव्हा, गावभर फिरून जुन्या साड्या, लुगडी, धोतरं गोळा केली अन् गोधड्या मांडल्या. बऱ्याचशा पांढरकवड्याकडच्या एका आश्रमशाळेच्या लेकरांसाठी, काही घरच्या, नणंदेचं बाळंतपण आहे तर दोन दुपटी, आणि एक माझ्या मैत्रिणीची. तिची आई गेली तर आईच्या साड्यांची गोधडी करून दे म्हणून तिनं गाठोडंच आणून ठेवलं माझ्याकडे. थर लावून झाले, कच्चे टाके झाले, बहुतेकांचा मधातला धावदोराही भरून झाला. राहिलं ते सगळं शेवटचं काम, म्हणजे काठ, कोपरे, अन् मधात जिथं फुगा आला तो बसवणं. आणि नेमकी कापसाची वेचणी लागली. बाया सकाळी जातात ते दिवस बुडल्यावर येतात, किलोवर मजुरी आहे, त्यांना कोणत्या तोंडानं म्हणू की मजुरी पाडा अन् गोधडी शिवा. रात्री बसावं तर लाईन नसते. आणि २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, त्या दिवशी शाळेत वाटू असं आम्ही सरांना बोलून बसलो.

तर काठ मशीनवर मारले तर चालते का? सासूबाई म्हणतात मशीनची गोधडी म्हणजे गोधडीच नाही. सहा-सात थर आहेत, घरची मशीन सुई मोडते. आणि मधातला फुगा काढायला सगळं उसवावं लागते का? मैत्रिणीच्या आईच्या एका साडीला जरीचा पदर आहे, तो कापायला हात धजत नाही, त्याचं काय करू तेही सांगा.

टेलरभाऊ_दारव्हा

ताई, मशीन मोडत नाई, आपण तिच्याकडून बैलाचं काम करून घेतो म्हणून सुई मोडते. पयले सुई बदला. ब्लाउजची १४ नंबरची सुई सहा थरात जातच नाई, १८ नंबर घ्या, टाका मोठा करा, पायाचा दाब जरा ढिला करा अन् चाक हातानं फिरवत कोपरा पार करा.

आता खरी गोष्ट. काठाले सहा थर ठेवताच काहून? आतले थर काठापाशी पायरीपायरीनं कापून घ्या, म्हंजे सगळ्यात आतला बोटभर मागं, त्याच्यावरचा अर्धं बोट मागं, असं. वरचा अन् खालचा तेवढा पुरा ठेवा. मंग काठावर जाड गठ्ठा होत नाई, मशीन सरसर जाते. पण आतले थर सुटे सोडू नका हो, पट्टी लावायच्या आधी काठापासून दोन बोटं आत हाताचा एक दोरा चौफेर फिरवून द्या, नाईतर दोन धुण्यात आतलं कापड गोळा होऊन मधात येते अन् काठ पोकळ राह्यते.

पट्टी चार इंच रुंद फाडा, दुहेरी घडी घाला. सरळ काठाले उरेब (म्हंजे तिरप्या धाग्यात कापलेल्या) पट्टीची काई गरज नाई, उगाच कापड वाया जाते, उभ्या धाग्यातली चालते. पट्टी पयले पालथ्या बाजूनं मशीननं मारा, मंग वरच्या बाजूले पलटवा अन् वरून हातानं तुरपाई. वरून पाहणाऱ्याले मशीन दिसतच नाई. सासूबाईले दाखवा अन् विचारा कुठं हाय मशीन 😄

शाळेच्या गोधड्याईले तुरपाईच्या भानगडीत पडू नका. वरूनही मशीनच मारा, दोन टिपा. लेकरं ओढाओढी करतात, तिथं मजबुती पाह्यजे.

नागपूरची_मावशी

टेलरभाऊंचं काठाचं अगदी बरोबर आहे पण फुग्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहून राहिली आहे. फुगा येतो तो आपण कडेकडेनं चौकोन घेत आत आत जातो ना त्याच्यामुळे, प्रत्येक फेरीला वरचं कापड थोडं थोडं पुढे ढकललं जातं आणि सगळं जास्तीचं मधात जमा होतं, शेवटच्या फेऱ्यांना मग जागाच उरत नाही. कच्चे टाके मधातून सुरू करून बाहेर बाहेर नेले तर हे होत नाही, पुढच्या वेळी तसं करा. आता झालंच आहे तर सगळं उसवायची काही गरज नाही. मधातल्या शेवटच्या तीन-चार फेऱ्याच उसवा. गोधडी जमिनीवर पसरा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा (आमच्याकडे वरवंटा, कुकर, जे सापडेल ते), आणि हाताच्या तळव्यानं कापड एका बाजूला सारत न्या. जो जास्तीचा भाग उभा राहतो तो कात्रीनं सरळ चिरा, हो चिरा, घाबरू नका, फक्त वरचाच थर बरं. एक कड दुसरीवर चढवा, टाके मारा आणि वरून एक चौकोनी ठिगळ लावून द्या. ठिगळ असं रंगाचं घ्या की मुद्दाम लावल्यासारखं वाटलं पाहिजे. मी तर फुगा नसला तरी मधात लाल चौकोन लावते, छान दिसतो.

कोपरे: पट्टी मशीननं मारताना काठ संपायच्या दोन सूत (पाव इंच) आधी थांबा, उलटी टीप घाला, दोरा तोडा, पट्टी वर दुमडून परत खाली आणा आणि दुसरी बाजू सुरू करा. पलटवल्यावर आपोआप तिरपी घडी पडते. हे जमत नसेल तर सरळ जेवणाचं ताट कोपऱ्यावर उपडं ठेवा, खडूनं गोल आखा, कापा. गोल कोपऱ्याला मात्र उरेब पट्टीच लागेल, सरळ पट्टी चुण्या खाते. कर्नाटकात कारवारच्या वर हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी बायका कवंदी (त्यांची चिंध्यांची गोधडी) शिवतात, त्या कोपऱ्यात तिकोनी घड्यांचं फूल लावतात, फुलाशिवाय कवंदी पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत. दिसायला तर देखणं आहेच पण गोधडी ओढताना, वाळत घालताना सगळा ताण कोपऱ्यावरच येतो, तिथं चार थर जास्तीचे असले तर फाटत नाही. दुपट्याला लावून बघा, फार वेळ लागत नाही.

आणि दोरा दुहेरी घेत असाल तर मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या, गुंतत नाही.

पुण्यातून_पाहुणा

चांगलं काम करताय. पण एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. बाजारात ब्लँकेट स्वस्तात मिळतात, एवढे तास घालवण्यापेक्षा वर्गणी काढून ब्लँकेट घेतली तर जास्त मुलांपर्यंत पोचणार नाही का? आणि विदर्भात थंडी तशी किती असते?

नागपूरची_मावशी

थंडी किती असते 😂 २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा ३.५ वर उतरला होता भाऊ. उन्हाळ्यात या म्हणजे ४५ पण दाखवू, पण हिवाळ्यात येताना स्वेटर आणा.

मेळघाट_आशा

ब्लँकेटचं मी सांगते कारण वाटप मी दर हिवाळ्यात जवळून पाहते. फोटो काढून वाटलेली ती पातळ ब्लँकेटं दोन धुण्यात जाळी होतात. आणि ती सगळी प्लास्टिकच्या धाग्याची. पाड्यावर लेकरं शेकोटीजवळ, चुलीजवळ झोपतात, ठिणगी पडली की सुती कापड जळतं, भोक पडतं, पण नायलॉन-पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. ते भाजणं फार वाईट. म्हणून ताई, मुलांच्या गोधड्यांमधे, निदान वरच्या आणि खालच्या थराला, सिंथेटिक साडी घेऊ नका. कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून पेटवून बघा, सुताची राख होते आणि कागद जळाल्यासारखा वास येतो, सिंथेटिकचा कडक मणी होतो. थर लावून झालेत म्हणता, तरी बघून घ्या, वरचा थर नायलॉनचा निघाला तर अजून काठ बंद व्हायचे आहेत तोवर त्याच्यावरच एक जुनं सुती लुगडं चढवता येईल.

दुसरी गोष्ट, हे जरा जास्त महत्त्वाचं. आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) खूप आहे, आश्रमशाळेत अशी लेकरं असतातच. थंडी लागली की त्यांचं दुखणं उसळतं, हातपाय इतके दुखतात की लेकरू रात्रभर रडतं. रात्री पहाटे अंगावर ऊब असणं हा त्यांच्यासाठी औषधाचाच भाग आहे, औषध-पाणी चालू ठेवूनच अर्थात. तेव्हा शाळेत गेल्यावर तिथल्या नर्सबाईंना किंवा अधीक्षकांना विचारा, त्या लेकरांना सगळ्यात जाड गोधडी जाईल असं पाहा. चारचौघांत नाव घेऊन देऊ नका फक्त, गुपचूप.

दुपट्यांबद्दल: बाळाच्या कपड्यात डांबरगोळ्या ठेवू नका. आपल्याकडे सर्रास ठेवतात. काही बाळांना जन्मतःच जीसिक्सपीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना डांबरगोळीच्या वासानं रक्तातल्या पेशी फुटून जोरदार कावीळ होऊ शकते, आणि कोणत्या बाळाला ते आहे हे बाहेरून दिसत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवा. आणि डांबरगोळ्यांच्या पेटीतली साडी वापरली असेल तर धुऊन चांगली दोन-तीन दिवस उन्हात टाका. दुपटं पातळच करा, दोन-तीन थर पुरे, तोंडावरून कधी पांघरू नका.

वर्धेकर

पुण्याच्या भाऊंचा प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तर कपड्यात नाही, शिवण्यात आहे. गाडगेबाबा स्वतः चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन फिरायचे, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे, पण लोकांसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या पक्क्या. स्वतःला चिंधी, दुसऱ्याला पक्कं. आपल्याकडे उलटं चालते, घरचीला तुरपाई अन् दानाचीला कसंतरी दोन टिपा. टेलरभाऊंवर टीका नाही हो, मशीन मजबूतच असते. पण दानाची म्हणून नासलेली साडी आत भरू नका एवढंच म्हणणं. उजेडाकडे धरून पाहा, जिथून उजेड आरपार येतो ते कापड मधात चालते, वर नाही.

आणि मैत्रिणीच्या जरीबद्दल. जर गळ्याशी, तोंडाशी येऊ देऊ नका, टोचते अन् काही वर्षांत काळी पडते. पदर अखंड ठेवा, पायाच्या बाजूला वरून लावा, खाली मलमल किंवा जुनं धोतर घ्या म्हणजे सुई जरीत अडकणार नाही. जरीतून धावदोरा भरायचाच नाही, पदराच्या चारी कडांनी टाके घ्या अन् मधात नक्षीच्या मधल्या साध्या जागी पाच-सात गाठी मारा. पुढंमागं मैत्रिणीला वाटलं तर पदर उसवून परत काढताही येईल.

टेलरभाऊ_दारव्हा

वर्धेकर भौ बराबर. मी दोन टिपा म्हणलो थ्या घट्ट टिपा, कसंतरी नाई 😅

एक राह्यलंच. डोक्याकडच्या बाजूले एक वेगळी सुती पट्टी वितभर रुंद, नुसती लांब टाक्यानं टाचून द्या. डोक्याच्या तेलानं तीच बाजू पयले मळते. पट्टी काढली, धुतली, परत टाचली, सगळी गोधडी भिजवायचं काम नाई. हिवाळ्यात भिजलेली गोधडी दोन दिवस वाळत नाई अन् लेकराले मंग रात्री काय द्यायचं?

सासुरवाशीण_उमरखेड

माप कोणी सांगितलं नाही म्हणून. साडेपाच मीटरच्या साडीची तिहेरी घडी केली की साधारण सहा फूट लांब अन् पावणेचार फूट रुंद होते, एका साडीत तीन थर निघतात, शाळेच्या लेकराला पुरते. मोठ्या माणसाला रुंदी कमी पडते, पाय किंवा पाठ उघडी राहते, त्याला बाजूनं दीड-दोन फुटाचा जोड द्या. नऊवारी असली तर चौघडी करा, चांगली लांब होते. शाळेच्या सगळ्या एकाच मापाच्या अन् जवळजवळ एकाच जाडीच्या करा (आशाताईंनी सांगितलेल्या तेवढ्या सोडून), नाहीतर पहिल्याच रात्री मला ती पाहिजे मला ती पाहिजे सुरू होते. प्रत्येकीच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं आकडा काढा, धुवायला एकत्र गेल्या तरी ज्याची त्याला मिळते.

आणि लाल साडी असली तर शिवायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. रंग सुटला तर ती आतल्या थरात पण नको, धुतल्यावर बाहेर येतोच.

कपाशीवाली (ता. आर्णी, यवतमाळ)

बापरे, किती लिहिलं तुम्ही सगळ्यांनी, सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. आशाताईंची गोष्ट ऐकून त्यांनीच उठून धागे पेटवायला सुरुवात केली, शाळेच्या गोधड्यांमधल्या तिघींचा वरचा थर नायलॉनचा निघाला. त्यांच्यावर धोतर चढवायचं ठरलं. मशीनला आता त्यांची हरकत नाही, पण घरच्या गोधड्या अन् मैत्रिणीची मी हातानंच पुऱ्या करीन म्हणतात, त्यांना २० तारखेचं बंधन नाही, फाल्गुनापर्यंत चालू द्या म्हणते मी. वेचणीला जाणाऱ्या बायांना आता गोधडीचं काही सांगत नाही, गावात एक टेलर आहे, तो दुपारी ग्राहक नसतात तेव्हा शाळेच्या गोधड्यांचे काठ मारून द्यायला तयार झाला, पट्ट्या आम्ही फाडून अन् आतले थर पायरीनं कापून द्यायचे, हाताचा दोरा पण आम्हीच फिरवायचा. पैसे घ्यायला तो नाही म्हणतो पण दोऱ्याचे तरी देऊ.

आता एकच. पट्टीसाठी जुन्या साडीचे काठ चालतील का, की नवीन कापड घ्यावं?

टेलरभाऊ_दारव्हा

साडीचे काठच घ्या, पण सुती साडीचे. साडी मधात फाटते, काठ शेवटपर्यंत राह्यतो. फक्त ज्या काठाचे धागे ओढल्यावर तटकन तुटतात थो घेऊ नका. अन् टेलरले सांगा १८ नंबरच्या चार-पाच सुया आणून ठेव म्हणा.