‘असेंब्ली स्केल डाउन करणे’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

डिप्लोमाच्या मुलांसाठी सॉलिडवर्क्सच्या (यंत्रांचे भाग संगणकावर त्रिमितीत रचायचं सॉफ्टवेअर) मराठी टिपा लिहिते आहे. बेंच व्हाइसची (कामाच्या टेबलावरचा शिकंजा) अख्खी असेंब्ली निम्म्या मापाची करून थ्रीडी प्रिंट काढायची, असा धडा आहे. मी लिहिलं, ‘जोडणी प्रमाणित करणे’. वाचणाऱ्या मुलाला वाटलं, तपासून शिक्का मारून घ्यायचा आहे. योग्य शब्द सुचवाल का?

प्रतिसाद १

‘प्रमाणित’ नकोच. नकाशाचं प्रमाण आणि प्रमाणपत्रातलं प्रमाण हा शब्द एकच असला, तरी ‘प्रमाणित’ म्हटलं की मराठी माणसाला दुसराच अर्थ आधी दिसतो.

‘जोडणी’ही बदला. गॅसची, नळाची, विजेची ती जोडणी. एकमेकांसाठी घडवलेले सुटे भाग आपापल्या जागी बसवायचे, ती जुळणी. छापखान्यात खिळे जुळवणारा तो जुळारी, आणि पुस्तकात मुद्रकाच्या नावाजवळ ‘अक्षरजुळणी’ आजही छापतात. इतका मुरलेला शब्द हाताशी असताना दुसरा शोधायला नको.

‘स्केल’चं मात्र एका शब्दात भागणार नाही, कारण आपण तीन निरनिराळ्या कामांना ‘स्केल करणे’ म्हणतो.

कागदावर १:२ ने काढलं तर चित्र लहान होतं, वस्तू नाही. ४० मिमीची बाजू कागदावर २० मिमी भरते, पण तिच्यावर आकडा ४०च लिहायचा. हे ‘निम्म्या प्रमाणात काढणे’.

तुमच्या धड्यात वस्तूच लहान होते. सॉलिडवर्क्समध्ये स्केलची आज्ञा सुट्या भागाच्या, म्हणजे ‘पार्ट’च्या फाइलमध्ये चालते, जुळणीत नाही. म्हणून जुळणी आधी पार्ट म्हणून सेव्ह करतात आणि त्या फाइलला ०.५ लावतात. याला मी ‘सरसकट लहान करणे’ म्हणेन. ‘सरसकट’ हा शब्द इथे फार कामाचा आहे, कारण कशालाच सूट मिळत नाही. १० मिमीची पिन ५ ची होते, तशी पिन आणि भोक यांच्यातली ०.२ ची मोकळीकही ०.१ होते. प्रिंटर मात्र तोच असतो, त्याला लागणारी मोकळीक कमी होत नाही, मग पिन भोकात अडकते. एम८ स्क्रूचा ८ मिमी व्यास ४ होतो आणि १.२५ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.६२५. बाजारातल्या एम४ चा पिच ०.७. त्यामुळे आटे जुळत नाहीत, नट बसत नाही.

म्हणून तिसरं काम: बाहेरची मापं निम्मी घ्यायची, पण स्क्रू बाजारात मिळतो तोच, मोकळीक प्रिंटरला झेपेल तेवढी. याला ‘मापं नव्याने बसवणे’ म्हणा. मुलांना हे दोन शब्द वेगळे दिलेत तरच ती व्हाइस फिरेल, असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. भाग एकेक करून लहान केले तर काय होतं, तेही धड्यात घ्या. जुळणीत दोन भागांमध्ये ४० मिमी अंतराचं बंधन घातलेलं असेल, तर भाग निम्मे झाले तरी ते अंतर ४०च राहतं. दिवाळीच्या किल्ल्यासारखं होतं: बुरूज वीतभर आणि त्याच्यावरचा मावळा बुरुजाएवढा. ‘मेट’ला ‘बंधन’ चालेल, पण मेनूत जे दिसतं ते ‘मेट’ एकदा तरी लिहाच, नाहीतर मुलं बटण शोधत बसतील.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. वाक्य आता असं केलंय: ‘व्हाइसची जुळणी पार्ट म्हणून सेव्ह करा, ती सरसकट निम्मी करा, मग पिनची भोकं आणि स्क्रूच्या जागा यांची मापं नव्याने बसवा.’ फक्त एक राहिलं. भोक वाढवायचं तर ‘मोकळीक ठेवा’ म्हणू की ‘मोकळीक द्या’? आमच्या वर्कशॉपचे शिक्षक ‘द्या’ म्हणतात.

प्रतिसाद १

‘द्या’च. तुमच्या वर्कशॉपमध्ये तोच शब्द चालतो.