फ्रीक-सीमध्ये युरेनोफेनऐवजी शोपाइट का स्थिर दिसतो?

खाडीकाठ (रत्नागिरी):
वापरलेल्या युरेनियम डायऑक्साइड इंधनाचं ऑक्सिडीकरण झाल्यावर कोणती खनिजं टिकतील, याचं प्रारूप फ्रीक-सीमध्ये (पाणी आणि खनिजांच्या रासायनिक समतोलाचा हिशोब करणारा संगणक प्रोग्राम) करतोय. आपल्याकडे इंधनाचं पुनर्प्रक्रियण होतं, थेट पुरायचं धोरण नाही, त्यामुळे हा निव्वळ अभ्यास समजा. पाणी जांभ्याखालच्या बेसाल्टमधल्या बोअरचं: पीएच ७.४, कॅल्शियम लिटरला ३० मिग्रॅ, सिलिका ४०, बायकार्बोनेट १८०. तापमान २५ अंश, हवेशी संपर्क. एवढी सिलिका असूनही युरेनोफेन (कॅल्शियम आणि युरेनियमचं सिलिकेट खनिज) असंपृक्त येतो, म्हणजे विरघळेल असं दिसतं, आणि मेटाशोपाइट (शोपाइट या जलयुक्त युरेनियम ऑक्साइडचं थोडं कमी पाणी असलेलं रूप) टिकतो. मेक्सिकोतल्या नोपाल-१ या युरेनियमच्या साठ्यात तर युरेनोफेनचंच राज्य आहे. कार्बोनेट संकुलांमुळे (पाण्यात युरेनियम कार्बोनेटशी बांधलं जातं त्यामुळे) असं होतंय का?

बसाल्टवाला:
कार्बोनेटला दोष देऊ नका. संकुलांमुळे पाण्यात एकूण युरेनियम किती विरघळेल ते बदलतं. दोन घन खनिजांपैकी जास्त स्थिर कोण, ते बदलत नाही. (मुक्त कॅल्शियम थोडं कमी होतं, तेवढाच परिणाम.) हिशोब कागदावर करून बघा:

२ मेटाशोपाइट + कॅल्शियम + २ सिलिसिक आम्ल → युरेनोफेन + २ हायड्रोजन आयन (पाणी सोडून)

तुमच्या पाण्यात कॅल्शियम आणि सिलिका दोन्हींचा लॉग साधारण −३.२. म्हणजे लॉग क्यू (पाण्यातल्या प्रत्यक्ष प्रमाणांवरून येणारं गुणोत्तर; पहिला आकडा पीएचच्या दुप्पट) = −१४.८ + ३.२ + ६.४ = −५.२.

आता डेटाबेस उघडा. जुन्या फायलींमध्ये युरेनोफेनचा विरघळण्याचा लॉग के (समतोल स्थिरांकाचा लॉग) १७.५ च्या आसपास असतो आणि मेटाशोपाइटचा ५.४. अभिक्रियेचा लॉग के = १०.८ − १७.५ = −६.७. क्यू त्याहून मोठा, म्हणून शोपाइट जिंकतो. पण नंतर प्रत्यक्ष विद्राव्यता मोजून आलेले आकडे ९.४ ते ११.७ या टप्प्यात आहेत. १०.८ घाला: लॉग के शून्य होतो आणि युरेनोफेन पाच लॉग एककांनी पुढे जातो. दोष तुमच्या पाण्यात नाही, त्या एका ओळीत आहे.

बेकरेलाइट (कॅल्शियम असलेलं युरेनियम ऑक्साइड खनिज) हेही तपासा. नैसर्गिक स्फटिकांवरून २९, कृत्रिम चूर्णावरून ४१ च्या वर, असे दोन्ही आकडे छापलेले सापडतात. बारा एककांचा फरक भयंकर वाटतो, पण सूत्रात युरेनियमचे सहा अणू आहेत. दर अणूमागे तो दोनच एकक पडतो. तरी स्थिरतेची रेषा हलवायला तेवढा पुरेसा आहे. दोन्ही घालून वेगवेगळं चालवा.

अणुरसायन:
वरचं बरोबर. पण स्थिर खनिज आणि आधी तयार होणारं खनिज या दोन गोष्टी वेगळ्या. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेच्या ठिबक चाचण्यांत (इंधनावर थेंब थेंब पाणी सोडून) ९० अंशांवर आधी निर्जलित शोपाइट, मग बेकरेलाइट, सिलिकेटं नंतर आली. २५ अंशांवर सिलिकेटचा टप्पा आणखी रेंगाळतो. म्हणून शेवटी युरेनोफेन आला तरी पहिल्या वर्षांचा थर शोपाइटचाच धरा.

आणि स्टडटाइट (युरेनियमचं पेरॉक्साइड खनिज) विसरू नका. इंधनाच्या किरणोत्सारामुळे पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. कुबाटको, हेलियन, नव्हरोत्स्की आणि बर्न्स यांनी २००३ मध्ये उष्णतामापनातून दाखवलं की पेरॉक्साइड अत्यल्प असलं तरी शोपाइटपेक्षा स्टडटाइट स्थिर ठरतो. पेरॉक्साइड नसेल तर तो टिकत नाही. अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्राच्या के-ईस्ट साठवण तलावातल्या इंधनावर तो सापडलाय.

फ्रीक-सीत इथे सगळेच अडकतात: पेरॉक्साइड ऑक्सिजनला जोडलेलं ठेवलं तर समतोलात ते लगेच नाहीसं होतं आणि स्टडटाइट कधीच दिसत नाही. ऑक्सिजनशी न जोडलेला स्वतंत्र घटक म्हणून ते घाला आणि त्याची संहती स्वतः ठरवा.

खाडीकाठ:
१०.८ घातल्यावर युरेनोफेन अतिसंपृक्त आला. खाडीचं पाणी बोअरमध्ये शिरलं तर हेच प्रारूप चालेल?

बसाल्टवाला:
थोडं मिसळलं तर चालेल. समुद्राच्या पाण्याची आयनिक तीव्रता ०.७ च्या आसपास. तिथे डेव्हिस समीकरण (आयनांची परिणामकारक संहती काढायचं सोपं सूत्र) गळपटतं, एसआयटी (खारट पाण्यासाठीची पद्धत) गुणांक असलेली फाइल घ्या. सोडियम वाढलं की सोडियम-बोल्टवुडाइट हे सोडियम-युरेनियमचं सिलिकेटही यादीत हवं.

नमुना घेताना ०.४५ मायक्रॉनची गाळणी वापरा आणि बाटली प्लास्टिकची घ्या. काचेतून सिलिका उतरते. पीएच बोअरवरच मोजा. घरी नेईपर्यंत कार्बन डायऑक्साइड निघून पीएच ०.३ ने वाढला तरी लॉग क्यू ०.६ ने सरकतो, आणि जुन्या-नव्या आकड्यांच्या अधेमधे असलेल्या खनिजांसाठी तेवढ्यानं निकाल उलटतो.