शब्दचर्चा: तसलमात, उचल की अग्रिम? आणि 'झडती' फक्त पोलिसांची का?

कीर्दकार
एकोणिसाव्या शतकातल्या गाजीपूरच्या सरकारी अफू एजन्सीची हिशेबतपासणी कशी चाले, यावरचं एक प्रकरण मराठीत आणतो आहे. मुळात 'ॲडव्हान्स' हा एकच शब्द दोन जागी येतो. सब-डेप्युटी एजंट खजिन्यातून रोकड काढतो तिथे, आणि तीच रोकड खसखस पेरणाऱ्या रयतेला मिळते तिथे. मी दोन्हीकडे 'तसलमात' लिहिलं, संपादकांनी 'तसलमात कुणाला कळत नाही' म्हणून दोन्हीकडे 'अग्रिम' केलं. शिवाय गोदामातला माल मोजून वहीशी जुळवण्याला 'झडती' म्हटलं होतं, त्यावर 'झडती पोलीस घेतात' असा शेरा आला. काय ठेवावं?

बारनिशी
तसलमात जिल्हा परिषदेच्या हिशेबात अजून आहे, ती 'कुणाला कळत नाही' हे पटत नाही. पण ती तुमच्या पहिल्याच जागी बसते. तसलमात कर्मचाऱ्याच्या हाती दिलेली असते आणि त्याने पावत्या आणून दिल्या की मिटते. रयतेकडे गेलेली रक्कम पावतीने मिटत नाही, ती काट्यावर घातलेल्या अफूने मिटते. दोन्हींना एक शब्द लावला तर तपासणीचा मुद्दाच बुडतो. एजंटाच्या नावावरची तसलमात पावत्या जोडून शून्य झाली, म्हणजे तेवढी रक्कम रयतेच्या हातात पडली असं होत नाही. मध्ये लंबरदार आहे. गावातल्या सगळ्या खातेदारांच्या वतीने तोच वागतो आणि गळती तिथेच होते. म्हणून रयतेजवळची हातचिठ्ठी, म्हणजे तिला मिळालेल्या रकमांची नोंद, आणि कोठीची, म्हणजे एजंटाच्या कचेरीची, खतावणी समोरासमोर ठेवावी लागते. दुसरी जागा मोजणीची. करार जितक्या बिघ्यांचा, तितकी पेरणी झाली नाही तर जास्तीचा पैसा रयतेकडे अडकतो. करारावेळी दिलेली रक्कम आणि पेरणीनंतरची मोजणी यांचा मेळ घातला नाही, तर ही थकबाकी पुढच्या हंगामात सरकते आणि जुनी की नवी हेच कळेनासं होतं.

काळीमाती
मग दुसऱ्या जागी 'उचल' लिहा. ऊसतोडीची टोळी मुकादमाकडून घेते तीच. कामात किंवा मालात फिटते, मध्ये मुकादम आहे, फसवणुकीची जागाही तीच. 'तगाई' मात्र नको. तगाई म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज, ती व्याजासकट रोखीने फेडायची असे, अफूची रक्कम बिनव्याजी होती.

देशीकार
'उचल' मान्य. 'तसलमात' मान्य नाही. अरबी 'तस्लीम', म्हणजे सोपवणं, त्याचं अनेकवचन आपण किती दिवस वागवायचं? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. 'अग्रिम' संस्कृत आहे आणि शासनाने रूढ केलेला आहे.

मोडीवाचक
त्या कोशाने मुजुमदाराला अमात्य केलं, सुरनिसाला सचिव केलं. तरी पेशवाईच्या दफ्तरात मुजुमदार आणि फडणीस राहिलेच. कागदावर हात चालवणारे जे बोलतात तेच टिकतं. आणि 'अग्रिम' रूढ आहे तो सणासाठी पगारातून कापून घ्यायच्या रकमेला. त्यात हिशेब देण्याची जबाबदारी येत नाही. तसलमातीत येते. अर्थ हरवून शुद्धता मिळवायची नाही.

'झडती'वर: मोल्सवर्थच्या कोशात ताब्यात दिलेल्या वस्तूंचा हिशेब घेणं हा अर्थ आहे. पोलिसांची झडती त्यातूनच आली. शब्द आपल्या जागी बरोबर आहे.

काटापारखी
बरोबर आहे, पण अफूच्या गोदामात नुसती झडती पुरत नाही. माल सुकतो. म्हणून 'घट' आणि 'तूट' वेगळे ठेवा, नाहीतर सगळं प्रकरण चुकेल.

1880 च्या दशकातला शेराला 5 रुपये हा दर 70 अंशाच्या अफूचा होता. 100 ग्रेन नमुना वाफेने तापवलेल्या पत्र्यावर कोरडा करायचा, उरेल तितके अंश. आता वहीत 70 अंशाचे 100 शेर आहेत आणि काट्यावर 93 शेर भरले. सात शेर तूट? नाही. नमुना 75 अंश निघाला तर 93⅓ शेरच भरायला हवे होते. उरलेली 6⅔ शेर ही घट, तूट फक्त ⅓ शेर. उलट काट्यावर पुरे 100 शेर भरले आणि नमुना 66 निघाला, तर वजन जुळूनही पावणेसहा शेरांच्या आसपास माल गेलेला आहे आणि त्या जागी पाणी घातलेलं आहे. वजनाची झडती हे पकडत नाही. अंशाचीही फसगत होते, कारण पीठ मिसळलं की कोरडा भाग वाढतो. त्यासाठी आयोडीन. निळं झालं की पीठ आहे.

कोठीवर वजनाच्या वेळी पारखी हाताने प्रत ठरवत, त्यावर रयतेला तात्पुरती रक्कम मिळे. खरा अंश कारखान्यात ठरे. या दोन आकड्यांतला फरक खात्यावर नीट फिरवला का, हे तपासनिसाने आधी पाहायचं. पेट्या मोजणं त्या मानाने सोपं. बंगालच्या पेटीत 40 गोळे, ते मोजता येतात.

देशीकार
'घट' आणि 'तूट' दोन्ही देशी. हिशेबाला आपले शब्द पुरतात, ते हेच.

मोडीवाचक
आणि 'हिशेब'?

काळीमाती
मुंबईच्या बाजूचं प्रकरण पुढे येणार असेल तर तिथे 'उचल' आणू नका. माळव्याची अफू सरकार विकत घेत नव्हतं. सावकार पैसा लावत, सरकार इंदूर-उज्जैनच्या काट्यांवर पासाचा, म्हणजे माल बाहेर नेण्याच्या परवान्याचा, कर घेई. तिथे रयतेचं खातं नाही, गोदामातला सरकारी माल नाही. तपासायचं ते पास, पेट्यांची संख्या आणि पेटीचं 140 पौंड वजन.

कीर्दकार
म्हणजे खजिन्यातून 'तसलमात', रयतेला 'उचल', साठ्याला 'झडती'. आता अडलो आहे ते वेगळंच. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने मिळवून पाहायचं, ही जी रोजची व्यवस्था, तिला 'अंतर्गत नियंत्रण' लिहिलं की वाक्य मरतं.

बारनिशी
'रुजुवात'. रकमेपुढे खूण केली की ती 'रुजू' झाली. तपासनीस वर्षातून एकदा येतो, रुजुवात रोज होते.

देशीकार
रुजू पुन्हा अरबी. 'पडताळा' लिहा.

मोडीवाचक
पडताळा शंका आल्यावर घेतात. रुजुवात शंका नसतानाही घालायची असते. फडणिसाचं कामच ते.

देशीकार
फडणीस फडावरून. फड म्हणजे कचेरी.

मोडीवाचक
नाही, फर्द. फर्दनवीस. फर्द म्हणजे यादीचा सुटा कागद. 'चिटणीस' चिठ्ठीवरून आला, 'पोतनीस' पोत्यावरून, मग फडणीसच जागेवरून कसा येईल?

देशीकार
'पोतं' म्हणजे खजिना, ती जागाच की.