मदत हवी आहे: होमस्कूल केलेल्या मुलीचा हायस्कूल डिप्लोमा घरीच कसा बनवायचा? (टेक्सास)

डॅलसची_काकू

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक सातवीनंतर घरीच शिकली. मे महिन्यात तिचं बारावीचं वर्ष संपतंय. टेक्सासमधल्याच एका सरकारी विद्यापीठात प्रवेशही नक्की झालाय, म्हणजे शिक्षणाचं काही अडलेलं नाही. घोडं अडलंय एका कागदापाशी.

उन्हाळ्यात ती एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करणार आहे. तिथे कागदपत्रांच्या यादीत ‘हायस्कूल डिप्लोमाची प्रत’ आहे, म्हणजे बारावीपर्यंतचं शिक्षण पूर्ण केल्याचं शाळेचं प्रमाणपत्र. मी म्हटलं, ट्रान्सक्रिप्ट देते, त्यात चार वर्षांचे सगळे विषय आणि ग्रेड आहेत. तर तिथल्या बाई म्हणाल्या, ते नको, डिप्लोमाच हवा. विद्यापीठाने मात्र आजवर डिप्लोमाचं नावही काढलेलं नाही!

टेक्सासमध्ये होमस्कूल ही कायद्याने खाजगी शाळाच धरली जाते, हे माहीत आहे. लीपर विरुद्ध आर्लिंग्टन खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ साली तसा निकाल दिलाय. म्हणजे डिप्लोमा देणारी शाळा आम्हीच. पण कॉम्प्युटरवर रिकामं पान उघडून बसले की हात चालत नाही. मनात येतं, आपणच छापलं, आपणच सही केली, याला कोण विचारतंय?

जाणकारांनी सांगावं:

शाळेचं नाव काय घालायचं? ट्रान्सक्रिप्टवर आमच्या आडनावापुढे ‘होमस्कूल’ एवढंच आहे. नवऱ्याला अचानक भारदस्त नाव सुचायला लागलंय.

नोटरी करावी लागते का?

मुलीच्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर मधलं नाव नाही. साताऱ्याहून सासरे म्हणतात, सर्टिफिकेटवर बापाचं नाव नाही म्हणजे काय? शिवाय दर रविवारी फोनवर विचारतात, “पण बोर्ड कुठलं?” यावर त्यांना काय सांगू, तेही सुचवा.

आणि दोन-तीनशे डॉलर घेऊन ‘मान्यताप्राप्त’ डिप्लोमा देणाऱ्या वेबसाइट दिसतात. त्या वाटेला जावं का?

ऑस्टिनकर_मावशी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. त्या वेबसाइटच्या वाटेला अजिबात जाऊ नका. तुमच्या मुलीने चार वर्षं खरा अभ्यास केलाय, तिच्या नावावर विकतचा कागद कशाला? उद्या कुणी चौकशी केली तर उलट संशय यायचा. कोणी जीईडी द्यायला सांगेल, तेही नको. ती परीक्षा हायस्कूल पूर्ण न केलेल्यांसाठी असते, हिने केलंय.

माझी दोन्ही मुलं घरीच शिकली. मोठ्याचा डिप्लोमा मी जेवणाच्या टेबलावर बसून केला होता. त्यावर लागतं ते एवढंच: वर शाळेचं नाव, मधे विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, त्याने हायस्कूलचा अभ्यासक्रम समाधानकारकरीत्या पूर्ण केला म्हणून हा डिप्लोमा देण्यात येत आहे अशा अर्थाचं एक वाक्य, गाव आणि राज्य, तारीख, आणि खाली आईवडिलांच्या सह्या. आम्ही ‘प्रिन्सिपल’ वगैरे लिहिलं नाही, ‘पालक व शिक्षक’ लिहिलं. ते खरं होतं आणि दिसायलाही बरं दिसलं.

तारखेकडे मात्र नीट लक्ष द्या. डिप्लोमावर जी तारीख टाकाल तीच अंतिम ट्रान्सक्रिप्टवर ‘ग्रॅज्युएशनची तारीख’ म्हणून हवी. विद्यापीठ ऑगस्टच्या आधी अंतिम ट्रान्सक्रिप्ट मागेल. त्यावर ही तारीख आणि तुमची सही नसली की पोर्टलवर लाल खूण तशीच राहते आणि तुम्ही फोन करत बसता. शाळेचं नावही दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं ठेवा. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडे पोचलेलं असेल तर आता नाव बदलायला जाऊ नका. यजमानांना सांगा, भारदस्तपणा फ्रेममध्ये दाखवू.

मुलीचं नाव पासपोर्टवर आहे तसंच. यात भावना आणू नका. बापाचं नाव खाली सहीत येतंच आहे, तेही ठसठशीत!

नोटरी टेक्सासमध्ये सक्तीची नाही. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगते, मुलगी काय शिकली याची हमी देत नाही. पण एखादा मालक अडून बसला तर नोटरीचा शिक्का पाहून गप्प होतो, म्हणून एक प्रत तशी करून ठेवायला हरकत नाही.

बाकरवडी

सासऱ्यांना सांगा, बोर्ड म्हणजे स्वयंपाकघरातला पांढरा बोर्ड, त्याच्यावर कॅल्क्युलस झालंय. (दिवा घ्या)

फिलीची_पाहुणी

इतर राज्यांतून वाचणाऱ्यांसाठी: वरचं सगळं टेक्सासचं आहे, डोळे मिटून उचलू नका. आम्ही पेन्सिल्वेनियात आहोत. इथे २०१४ च्या कायद्यापासून पालकांनी दिलेल्या डिप्लोमाला राज्य मानतं, पण तो शिक्षण खात्याच्या ठरलेल्या फॉर्मवर लागतो आणि पालकाबरोबर बारावीच्या इव्हॅल्युएटरचीही (मुलाचा अभ्यास तपासणाऱ्याची) सही लागते. विषयही ठरलेले: इंग्रजी चार वर्षं, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र प्रत्येकी तीन, कला व मानव्यविद्या दोन. न्यूयॉर्कमध्ये तर राज्य पालकांचा डिप्लोमा धरतच नाही. तिथली माझी मैत्रीण मुलाचं शिक्षण शाळेच्या तोडीचं झालं असं सुपरिंटेंडंटचं पत्र मिळवण्याच्या मागे होती.

टेक्सासमध्ये मोकळीक खूप. कायदा मागतो ते वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. तास नाहीत, परीक्षा नाहीत. म्हणूनच तुम्हाला ‘हे खरं कसं’ असं वाटत असावं.

डॅलसची_काकू

मावशी, किती नेमकं सांगितलंत! नाव तेच ठेवतेय. (नवरा रुसलाय, त्याला सील निवडायचं काम दिलंय.)

फिलीची_पाहुणी, अगदी तसंच वाटत होतं. क्रेडिटचा हिशेब मी सरकारी शाळांच्या बावीस क्रेडिटच्या आराखड्यावरून धरला होता, कुणी मागितलं नव्हतं तरी. परदेशी भाषा म्हणून मराठी लावली आहे. रविवारची मराठी शाळा, आणि घरी आजीला पत्रं. ती पत्रं फाइलमध्ये जपून ठेवली आहेत.

आणखी एक. कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी एफएएफएसए हा संघीय सरकारचा अर्ज भरलाय. त्यात डिप्लोमा मागतात का?

ऑस्टिनकर_मावशी

नाही. त्यात हायस्कूल कसं पूर्ण केलं या प्रश्नाला ‘होमस्कूल’ असा वेगळा पर्याय आहे, तोच निवडायचा. राज्याच्या कायद्याप्रमाणे होमस्कूल पूर्ण केलेलं असलं की संघीय मदतीला विद्यार्थी पात्र असतो. ‘हायस्कूल डिप्लोमा’ हा पर्याय निवडलात तर पुढे शाळेचं नाव शोधायला लावतं, आणि यादीत तुमचं घर कसं सापडणार?

पत्रं जपलीत हे फार छान. कोणी विचारलंच तर कोर्सच्या वर्णनाला तीच लावा.

नाशिकचा_मास्तर

भारतातून लिहितोय. आजोबांचा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नका, त्यांच्या जागी तो रास्त आहे. आपल्याकडे घरी शिकणारी मुलंही शेवटी एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) परीक्षा देतात, नाहीतर केंब्रिजची, खाजगी उमेदवार म्हणून. आईवडिलांनी सही केलेल्या कागदावर इथे कोणी अकरावीलाही घेणार नाही. उद्या मुलीला भारतात पदवीला यायचं झालं, तर संस्था परदेशी शिक्षणासाठी समकक्षता प्रमाणपत्र (ते शिक्षण इथल्या बारावीच्या तोडीचं आहे असा दाखला) मागू शकते. घरच्या डिप्लोमावर ते मिळेल असं गृहीत धरून तिकिटं काढू नका. आधी संस्थेला आणि ते प्रमाणपत्र देणाऱ्यांना लेखी विचारा.

अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याचा, घोळही इथेच होतो. नोटरी केलेला कागद टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल करून मिळतो आणि भारत तो मानतो. पण त्याने नोटरीचा शिक्का खरा ठरतो, बारावी पास ठरत नाही. दोन्ही एक समजून लोक पैसे घालवतात.

आजोबांना सरळ सांगा: तिथे बोर्ड नाही, सरकारी असो की खाजगी, डिप्लोमा शाळाच देते. अमेरिकेत सगळीकडे दहावी-बारावीसारखी बोर्डाची एकच परीक्षा असते असा आपला समज असतो, तो एकदा दूर झाला की पुढचं सोपं.

डॅलसची_काकू

मास्तर, हे पटलं. काल रविवारच्या फोनवर असंच सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “म्हणजे शेजारच्या शाळेतल्या पोरांनाही बोर्ड नाही?” नाही म्हटल्यावर एकदम मवाळ झाले.

लेकीचा भारतात यायचा विचार नाही, पण तुमचं उत्तर साठवून ठेवलंय.

आता शेवटचं, कागदाबद्दल. साध्या प्रिंटरच्या कागदावर काढून पाहिला तर लग्नाच्या याद्यांचा कागद वाटतोय.

ऑस्टिनकर_मावशी

जाड पार्चमेंट कागद घ्या, स्टेशनरीच्या दुकानात डिप्लोमाचा म्हणूनच मिळतो. लेटर आकार आडवा. सोनेरी सील चिकटवण्याआधी सह्या करा, नाहीतर हात अडखळतो आणि शाई फासते. सह्या काळ्या शाईने. दोन मूळ प्रती काढा: एक भिंतीवर, एक फाइलला. दुकानाला स्कॅन पाठवा, मूळ प्रत द्यायची नाही.

एचएसएलडीए ही होमस्कूलवाल्यांची जुनी कायदेशीर संघटना तयार छापील डिप्लोमाही विकते. जमत नसेल तर तो घ्या, पण त्यावरही सह्या तुमच्याच लागणार.

डॅलसची_काकू

स्कॅन शुक्रवारी पाठवला. आज उत्तर आलं: “मिळाला, सोमवारपासून ये.” बाकी एक शब्दही विचारला नाही.

सील जरा तिरकं लागलंय. नवरा म्हणतो, दुसरी प्रत काढू. लेक म्हणते, हीच भिंतीवर लावायची. धागा उघडाच ठेवते, नोटरीवाल्या प्रतीचं काय होतं ते कळवेन.